एका आगाऊ प्रश्नामागे मुखेडला

लातूरहून मुखेडची एस.टी. सुटली, तेव्हा मी एका आगाऊ प्रश्नाच्या मागावर होतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. शेजारचे गृहस्थ त्याचं कौतुक सांगता सांगता नांदेडची हद्द लागल्यावरच गप्प झाले. बाहेर दुष्काळाने करपलेली रानं होती.

आमच्या कचेरीच्या पाणीटंचाईच्या पाहणीत उत्तरांना गुण होते. ज्यांचे गुण जास्त, तिथे टँकर आधी जाणार. त्यात मुखेडजवळची बौद्ध वस्ती मागे पडली होती. वस्तीतली आणि गावच्या गल्लीतली, सारख्याच लांबून सारखंच पाणी आणणारी घरं मी समोरासमोर मांडली, तर बाकी उत्तरं जुळली. 'शेजाऱ्याकडे पाणी मागता का?' हा एकच प्रश्न फटकून वागत होता. गुण 'हो'ला होते; गल्ली 'हो' म्हणे, वस्ती 'नाही'.

गल्लीत शिवणकाम करणाऱ्या रहीमाखालांनी चहा पाजला. दारात रांजण, रांजणात लांबून आणलेलं थोडं पाणीही. तरी प्रश्न विचारताच हसून म्हणाल्या, "रोज मांगते." शेजारणीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते आणि घागरीच्या निमित्ताने गप्पाही होतात. माझ्या तक्त्यात या गप्पा टंचाई म्हणून जमा झाल्या होत्या!

वस्तीतल्या सुमनबाई झिऱ्यावर (नाल्याच्या वाळूत खोदलेला पाण्याचा खड्डा) निघाल्या होत्या. मीही मागोमाग निघालो. वाटेत चपलेचा अंगठा तुटला आणि पुढची तापलेली वाळू मी नाचतच पार केली. बाई हसू दाबत वाटीवाटीने घागर भरू लागल्या. पलीकडच्या मळ्यात विहीर दिसत होती. तिथे का मागत नाही, असं मी विचारलं.

"सासऱ्यानं मागून बघितलं व्हतं, साहेब. मळेवाले वरून वतायचे, सासऱ्यानं खाली वंजळ धरायची. दीक्षा घेतली तवापासून आमच्यातलं कुणी मागत न्हाई."

मला फार वाईट वाटलं.

घरी त्यांनी भाकर आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची) वाढली. हा प्रश्न काढून गुण पुन्हा मांडतो, मग टँकर बहुधा आधी इकडे येईल, असं मी सांगितलं. त्या खूश झाल्या, मग आमटी वाढता वाढता म्हणाल्या,

"येऊ द्या. पर आम्ही मागितला असं लिहू नका."

परतीच्या एस.टी.त गुडघ्यावर कागद ठेवून गुण मांडले; वस्ती वर आली. प्रश्न कुठे वाकडा आहे ते आकड्यांनी दाखवलं होतं. का वाकडा, ते कळायला वाळूत उतरावं लागलं. कचेरीत साहेबांनी टँकरच्या अर्जावर बोट ठेवलं. 'मागणी कोणाची?' हा रकाना रिकामा चालत नाही, म्हणाले.

मी तिथे माझं नाव लिहिलं.