उद्याकाय सर

माणसं एकमेकांना भेटली की ‘कसं काय?’ असं विचारतात. आमचे सर ‘उद्या काय?’ असं विचारत. लोणावळ्याच्या आमच्या वसतिगृहाचे ते अधीक्षक आणि शाळेत गणिताचे शिक्षक. काल काय झालं यात त्यांना काडीचाही रस नसे. इतिहास शिकवायला त्यांना कोणी ठेवलं नाही, हे शाळेचं नशीब. एखाद्या मुलानं खिडकीची काच फोडली तर, "फुटली ती फुटली. उद्या काय?" म्हणून दुसऱ्या दिवशी ते त्याच्याच हातून खिडकीला पुठ्ठा ठोकून घेत. आम्ही पाठीमागे त्यांना ‘उद्याकाय सर’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

हा प्रश्न विचारायची त्यांची वेळ ठरलेली होती. दिवेलागणीला आम्ही चाळीस मुलं थाळ्या घेऊन रांगेत उभी राहायचो. भाकरी सोनामावशी वाढायची. ती आमची स्वयंपाकीण, मूळची वराळ्याची, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहायची. आमटी मात्र सर स्वतः वाढत. डाव भरून थाळीवर धरायचा आणि विचारायचं, "उद्या काय?" उत्तर आलं की आमटी. तोवर डाव हवेत आणि मागची रांग भुकेनं आपल्याला ढोसतेय. ‘शाळा’ आणि ‘अभ्यास’ ही दोन उत्तरं बाद होती. सर म्हणत, "ते सगळ्यांचंच आहे. तुझं एकट्याचं काय?" मग मुलं पोटासाठी काहीही शोधून काढायची. मारुती नावाचा एक जण म्हणाला, "उद्या मी मालगाडीचे डबे मोजणार." दुसऱ्या दिवशी सरांनी आमटीआधी त्याला आकडा विचारला. त्यानं थाप मारली, तर म्हणाले, "हा आकडा गाडीचा नाही, तुझ्या भुकेचा आहे. उद्या परत मोज." मारुती पुढे रेल्वेतच लागला.

मी या रांगेत येऊन पडलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. कामशेतजवळच्या बेडशाच्या वरच्या अंगाला आमची आठ-दहा घरांची वस्ती. गावात शाळा चौथीपर्यंत. माझे वडील, आबा, लोकांच्या बांधावर दगड वाहायचे. त्यांनी मला वसतिगृहाच्या दारात सोडलं आणि एवढंच म्हणाले, "सोपान, हितनं पळून आलास तर परत साळा न्हाई. मग माज्यासंगं दगडंच." मला त्या क्षणी दगड फार गोड वाटले. दगडांजवळ आई होती.

लोणावळ्याला धुकं उतरलं की समोरची इमारतसुद्धा दिसत नाही, तिथं बेडशाचा डोंगर कुठून दिसणार? चाळीस पोरांत मी अगदी एकटा होतो. घास तोंडात फिरायचा. माझं बोलणं ऐकून लोणावळ्यातली मुलं फिदीफिदी हसायची, म्हणून मी बोलणंच टाकलं. पहिल्या संध्याकाळी डाव माझ्या थाळीवर आला, प्रश्न आला, आणि माझ्या तोंडून खरं तेच निघालं, "उद्या मी रडणार."

रांग खो खो हसली. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी गडबडीत म्हणालो, "साळा सुटल्यावर. पाचला."

"बरं. मी येतो," म्हणाले आणि आमटी वाढली. मला वाटलं, थट्टा केली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी मागच्या व्हरांड्यात जाऊन बसलो, तर सर आलेच. धोतराचा सोगा वर खोचलेला, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात स्टूल. स्टूल माझ्यासमोर मांडलं, छत्री मिटून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "हं, सुरू कर." मी खूप प्रयत्न केला. आई आठवली, शेळी आठवली, चुलीवरचा भात आठवला. एक थेंब येईल तर शपथ! समोर कोणी असं नीट बसून वाट बघत असेल तर रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दहा मिनिटांनी सर उठले. "आज जमलं नाही वाटतं. पुन्हा कधी असेल तर कळव," म्हणाले आणि स्टूल उचलून निघून गेले.

पण म्हणून मी सुधारलो असं मुळीच नाही. पुढच्याच आठवड्यात मी पळालो. रुळाच्या कडेकडेनं चालत कामशेत गाठायचं आणि तिथून घर, असा बेत होता. मळवलीच्या रेल्वे फाटकावरच्या म्हाताऱ्या फाटकवाल्यांनी मला अडवलं. आधी स्वतःच्या डब्यातली भाकरी खायला घातली. मी भाकरी संपवेपर्यंत गोड बोलत राहिले आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसवून गार्डाच्या ताब्यात दिलं. अजूनही मला भाकरी देऊन गोड बोलणाऱ्या माणसाचा जरा संशय येतो. फाटकावरून निरोप आधीच पोचला होता. लोणावळ्याच्या फलाटावर सर छत्री घेऊन उभे होते. मारतील म्हणून मी गाल आवळले. ते म्हणाले, "दमला असशील. उद्या काय?"

मी चिडून म्हणालो, "उद्या बी पळणार!"

"बरं. छत्री घेऊन जा. भिजलास तर घरी पोचून पडसं."

आता ज्याला पळायला छत्री मिळते, त्यानं पळावं कसं? पण मनातून मी निघालोच होतो. जेवण जवळपास सुटलं होतं. वर्गात मी नुसता भिंतीकडे बघत बसायचो. ते बघून सोनामावशी एकदा सरांना म्हणाली, "सर, माजी कोंबडी खुडूक झालीया आन् ह्यो पोरगा बी. दोगं बी कोपरा सोडीनात, दोगं बी खाईनात. तिला म्या अंड्यांवं बसवते. ह्येला कशावं बसवायचं, त्ये तुमी बगा."

सरांनी डोकं लढवलं. मला बोलावून म्हणाले, "सोपान, मावशीची कोंबडी अंडी उबवायला, रवणीला बसतेय. तिला रोज उठवायचं, दाणापाणी करायचं, परत बसवायचं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुला कळतं?" घरी हे काम माझंच होतं. मी मान हलवली. "किती दिवस लागतात?" "एकवीस." "मग एकवीस दिवस थांब. पिल्लं निघाली की मी स्वतः तुला बेडशाला पोचवतो. माझा शब्द."

शब्द मिळाल्यावर मी कामाला लागलो. चुलीमागच्या उबेच्या कोपऱ्यात पाटीत राख आणि पेंढा घातला. अकरा अंड्यांवर कोळशानं रेघा ओढल्या. सर मदतीला आले, तेवढं मात्र त्यांनी करायला नको होतं. ते कट्टर शाकाहारी, अंड्याला हात लावणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी अंडं सांडशीत धरलं. सांडशी दुधाचं पातेलं उतरवायला असते. अंड्याचं व्हायचं तेच झालं. मावशीनं कपाळावर हात मारला, "आता धा ऱ्हायली. जोडीची अंडी बसवत न्हाईत, सर, इषमच लागत्यात, न्हाईतर रवण वाया जाती!" आणि राख भरायला ती बाहेर गेली.

सर चेहरा पाडून निघून गेले. तासाभरानं परत आले ते चिंब होऊन. छत्री होती, पण ती उघडायला हात रिकामा नव्हता. दोन्ही तळहातांच्या ओंजळीत रुमाल आणि रुमालात एक अंडं. आयुष्यात पहिल्यांदा हातानं धरलेलं. "आता झाली ना अकरा?" म्हणाले.

अंडं पांढरंशुभ्र होतं. ते कुठलं, हे मी बघताक्षणी ओळखलं. टेकडीवरच्या एका बंगल्यात पांढऱ्या विलायती कोंबड्या होत्या. आम्ही पोरं तिथल्या कुंपणावर लोंबकळायचो. तिथं कोंबड्या पुष्कळ होत्या, कोंबडा एकही नव्हता. त्या अंड्यांचं ऑम्लेट होतं, पिल्लू होत नाही. आमच्या वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, पण गणितातल्या इतक्या मोठ्या माणसाला नव्हतं. मी सांगणार होतो. मग त्यांच्या धोतरातून निथळणारं पाणी बघितलं आणि गप्प बसलो. पांढऱ्या अंड्यावरही एक रेघ ओढली.

मग रोज आमटीच्या वेळी माझ्याकडे उत्तर तयार असे. "उद्या तिला ज्वारी घालणार." "उद्या अंडी हलवून बघणार." सर कान देऊन ऐकत. दहाव्या दिवसापर्यंत मी दोन भाकरी खायला लागलो होतो. पंधराव्या दिवशी मारुती पाटीजवळ आला म्हणून मी त्याच्याशी भांडलो आणि सोळाव्या दिवशी आमची दोस्ती झाली. लोणावळ्यातली मुलंही बघायला येऊ लागली. कोंबडीच्या बाबतीत माझं बोलणं ऐकून कोणी हसत नसे. उलट मीच त्यांना हसायचो.

एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. दोन अंडी नासली. पांढरं होतं तसंच होतं.

सर आले, पिल्लं बघून लहान पोरासारखे खूश झाले. मग गंभीर होऊन म्हणाले, "शब्द दिलाय. उद्या सकाळी निघू बेडशाला. सामान बांध." आणि पाटीत वाकून बघत म्हणाले, "पण हे एक राहिलं रे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या अंड्यासाठी ते भिजले होते, आणि मी निघून गेलो तर ते रोज येऊन त्याच्याकडे असेच बघत बसतील, असं माझ्या मनात आलं. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "निघंल की, सर. उद्या निघंल. म्या थांबतो."

असा मी पाच दिवस ‘उद्या’वर थांबलो. शेवटी कोंबडी पिल्लं घेऊन अंगणात फिरायला लागली, तेव्हा मी ते अंडं परसात पुरलं आणि सरांना थाप मारली, "सर, पिल्लू निघालं व्हतं. पर घारीनं न्हेलं."

"असं?" सर म्हणाले. "पण निघालं होतं ना? मग ठीक. उद्या काय?"

"उद्या बाकीच्यांस्नी झाकाया डालगं पायजे. न्हाईतर घार ती बी न्हील."

बेडशाला जायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मी तिथूनच मॅट्रिक झालो. दरम्यान एकदा मी धीर करून आमटीच्या रांगेत उलट विचारलं होतं, "सर, तुमचं उद्या काय?" त्यांना बायको नव्हती, मूल नव्हतं, व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आणि खुंटीवर छत्री. त्यांनी डाव परत पातेल्यात बुडवला. मग म्हणाले, "माझं? उद्या तुम्हा चाळीस जणांना विचारायचंय की. पुढे सरक."

पुढे मी मास्तर झालो, कामशेतच्या शाळेत. सर निवृत्त होऊन तळेगावात घोरावाडी स्टेशनच्या बाजूला एका खोलीत राहायला गेले. जाईन जाईन म्हणत मी दोन वर्षं गेलो नाही. याची लाज मला आजही वाटते. मारुतीनं कळवलं, "सर घराबाहेर पडत नाहीत, धड जेवत नाहीत." तेव्हा कुठे गेलो.

दार उघडंच होतं. सर खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते. ते तसं बघणं मी ओळखलं. चहा झाला, शाळेच्या गोष्टी झाल्या, मावशी गेल्याचं बोलणं झालं. तासभर बसलो, पण सरांनी एकदाही ‘उद्या काय’ विचारलं नाही. त्याची मला भीती वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी मनात साठवलेली कबुली दिली. "सर, एक सांगायचंय. ते पांढरं अंडं..."

"ऑम्लेटचं होतं," सर म्हणाले. "ठाऊक आहे. मावशीनं दुसऱ्याच दिवशी माझी खरडपट्टी काढली होती."

मी उडालोच. "मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. तू सांगेनास. मग घारीची गोष्ट घेऊन आलास. अरे, पिल्लू घारीनं नेलं, टरफलंही तिनंच नेली का?" सर हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "घरी पळायला टपलेला मुलगा दुसऱ्याचं मन कशाला सांभाळेल? त्या दिवशी म्हटलं, हा राहिला आता."

इतकी वर्षं मी समजत होतो की, मी सरांसाठी थांबलो. आणि सर समजत होते की, त्यांनी मला थांबवलं. दोघांचंही खरं होतं.

निघताना मी उंबऱ्यात उभा राहिलो. धीर करून विचारलं, "सर, उद्या काय?"

हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत सर म्हणाले, "उद्या काय असणार, सोपान? उद्या बहुतेक रडेन."

मी त्यांचाच विद्यार्थी होतो. विचारलं, "किती वाजता?"

सरांनी वर बघितलं. "शाळा सुटते कधी तुझी?"

"साडेचारला. पाच-सव्वापाचपर्यंत पोचतो."

"मग सव्वापाच," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरून मी जवळपास पळतच गेलो. सरांनी अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या, धोतर धुतलेलं होतं, आणि स्टोव्हवर काहीतरी शिजत होतं. मी खुर्चीत नीट बसलो, छत्री मांडीवर घेतली आणि म्हणालो, "हं, सुरू करा."

सरांनी खरोखर प्रयत्न केला. मग मान हलवून म्हणाले, "नाही जमत. उद्या बघू." आणि आमटी झाली का ते बघायला आत गेले.