विल्फचं थांबणं

विल्फ गार्साइडचं नाव लंडनच्या एकाही संगीत-मासिकात कधी आलं नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. तरुणपणी त्यानं अमेरिकेला जाणाऱ्या बोटींवर प्रवाशांच्या नाचासाठी पियानो वाजवला, तोही न्यूयॉर्कला उतरून पोटभर जॅझ ऐकायला मिळावं एवढ्यासाठीच. मग आई अंथरुणाला खिळली. तो यॉर्कशायरमधल्या आपल्या गावी, हॅलिफॅक्सला परतला आणि निवृत्त होईपर्यंत बस चालवत राहिला. जॅझ उरला तो रविवारी दुपारी, पबच्या मागच्या खोलीत. तिथे मी त्याच्या साथीला डबल बास वाजवायचो.

त्याची खासियत म्हणजे थांबणं. ऐन रंगात आलेला असताना तो हात उचलून मान खाली घालायचा. आम्ही साथीदार ताल धरून ठेवायचो, लोक हातातला ग्लास तसाच धरून बसायचे, आणि मग असा एक सूर यायचा की अंगावर काटा उभा राहायचा. सगळं आपणच बोललं तर लोकांनी ऐकायचं कधी, असं तो मला सुनवायचा. मला त्याचा हेवा वाटायचा.

पुढे अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात गेला. डॉक्टरांनी पियानो विसरा म्हणून सांगितलं. विल्फ जेवेना, बोलेना. त्याची बायको डॉरीन जन्मभर दर रविवारी पबच्या त्या खोलीत खिडकीपाशी विणत त्याला ऐकायला बसलेली. ती माझ्याकडे आली.

"नॉर्मन, त्याला परत बसव रे पियानोवर. घरात बसून संपतोय तो."

डाव्या हाताचं, म्हणजे खालच्या सुरांचं काम मी बासवर उचललं. पहिल्याच गाण्यानंतर विल्फ माझ्याकडे वळला. "माझा डावा हात इतका गचाळ कधीच नव्हता," म्हणाला आणि हसला. डॉरीन रडली. सगळा हिवाळा तो वाजवत होता, जेवत होता, शिव्या देत होता.

मार्चमधल्या एका रविवारी त्याची एकट्यानं वाजवायची पाळी आली. त्यानं मोजकेच सूर वाजवले, हात मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. आम्ही ताल धरला. इतका लांब तो कधी थांबला नव्हता. मला वाटलं, म्हातारा आज कमाल करणार. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

डॉरीननं विणकाम बाजूला ठेवलं आणि ती उठली.

"बंद करा रे," ती म्हणाली. "इतका वेळ नाही थांबत तो."