बर्फातला वायसर

एक बारीक, अखंड, करंगळीहूनही सडपातळ धार पत्र्याच्या टपात पडत होती, आणि तिचा तो कुजबुजता, जराही न थकणारा आवाज मला आजही ऐकू येतो. त्या आवाजाने मला कविता सुचली, सासूबाईंचा रक्तदाब वाढला आणि माझ्या यजमानांना वायसर आठवला. या तिन्हींपैकी फक्त वायसर पूर्णत्वास गेला, आणि अरुणाचलातल्या एका अख्ख्या वाडीचे पाणी तुटले.

अहिल्यानगरच्या सावेडीत राहणाऱ्या, गारठा म्हणजे फार तर पंखा एकवर ठेवणे एवढेच जाणणाऱ्या कुटुंबाने पूर्वेच्या टोकाला बर्फावरून घसरायला का जावे, हा प्रश्न रास्त आहे. माझे यजमान विलास सुप्याच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती पाहतात. त्यांनी मोबाईलवर कुणाला तरी पांढऱ्या डोंगरावरून पाखरासारखे उतरताना पाहिले आणि जाहीर केले, "आपण स्कीइंग करायचं! काश्मीरला काय, सगळेच जातात. आपण अरुणाचलला जाऊ." त्यानंतर ते रोज सकाळी गच्चीवर, पायांना दोन लाकडी पट्ट्या बांधून आणि हातात फरशी पुसायचे दोन दांडे घेऊन, गुडघे वाकवून उभे राहू लागले. शेजारच्या गच्चीवरून एकदा विचारणा झालीच, "विलासराव, सारवण चाललंय का?"

सासूबाईंना (मी त्यांना आत्याबाई म्हणते) आम्ही घरी ठेवणार होतो.

"मला एकलीला टाकून जाता व्हय?" त्या म्हणाल्या. "बर्फ म्हंजी शेवटी पानीच ना? मग इतकं पानी एका जागी मला या डोळ्यांनी बघायचंय."

त्यांचेही तिकीट काढले गेले. आत्याबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही शेवगावच्या बाजूचे. त्यांचे अर्धे आयुष्य विहिरीच्या काठावर आणि उरलेले टँकरच्या मागे गेलेले. आमच्याकडे तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना जाते, भांड्यांचे अंगणाला, आणि अंगणाचे कुठे जाते यावर त्यांचे बारीक लक्ष असते. नळाला पाणी आले की त्या पिंप, बादल्या, कळश्या, पातेली आणि (एकदा) माझा नवाकोरा प्रेशर कुकरही भरून ठेवतात. अशा बाईला आम्ही वाहत्या नळाच्या घरात उतरवले!

ते घर वाडीतले सर्वांत खालचे. आत शिरताच पाइनच्या लाकडाचा गोडसर धूर, लोण्याचा उष्ण वास आणि ओल्या लोकरीचा जड दरवळ एकदम अंगावर आला. घरमालकीण पेमा, लाल गालांची, कमी बोलणारी. तिचा धाकटा भाऊ दोरजी आम्हाला स्की शिकवणार होता. पेमाने आमच्या हाती कढत चहा दिला आणि ती जनावरांकडे निघून गेली. खिडकीबाहेर संध्याकाळ निळी होत चालली होती. मी डोळे मिटून त्या धारेचा आवाज ऐकत होते. ओळ जुळत आली होती...

"आगं बया, नळ वाहतोय!"

आत्याबाई मोरीकडे धावल्या, चकती फिरवली. धार बारीक झाली, थांबली नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"विलासा, हे बघ रे. ह्या बाईचं डोकं ठिकानावर हाय का? अशी गंगा सोडून गेली!"

विलासनी नळाकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ती समाधी उतरली, जी मी लग्नातही पाहिली नव्हती.

"आई, तिचा दोष नाही. वायसर गेलाय."

"मंग बदल की!"

"आता? इथे?" मी म्हणाले. "अहो, त्यांना विचारा तरी!"

"चांगलं काम विचारून करत नसतात." त्यांनी बॅगेतून पक्कड काढली. (कुठल्याही प्रवासात आमच्या सामानात औषधांआधी पक्कड जाते.) वायसरसाठी रबर हवे होते. ते त्यांनी आपल्या घरात घालायच्या निळ्या सपातीच्या टाचेतून, नेलकटरच्या पात्याने, गोल कापून काढले. मग वरून पाणी चालू असतानाच नळ उघडून, अंगावर बर्फाचे कारंजे घेत, बोटे निळी, ओठ जांभळे, तोंडाने रामनाम, अशा अवस्थेत त्यांनी तो बसवला आणि दोन्ही हातांनी चकती आवळली.

धार थांबली.

"आता कसं," आत्याबाई समाधानाने म्हणाल्या. "पुन्य लागंल तुला."

घरभर शांतता पसरली. ती मला फार सुंदर वाटली. (हेच माझे काव्याचे शिक्षण!) रात्रीच्या स्वयंपाकाचे पाणी पेमाने आधीच भरून ठेवले होते, त्यामुळे ती मोरीकडे फिरकलीच नाही.

सकाळी पेमाच्या हाकेने जाग आली. ती हाक नव्हती. काहीतरी फाटल्याचा आवाज होता; वरच्या घरांचे पाणी गेल्याचे तिला अंगणात कळले होते. विलास माझ्याआधी उठून अनवाणी धावले आणि तिच्या पोहोचण्याआधी त्यांनी नळ पूर्ण उघडला. नळातून हवासुद्धा आली नाही.

मग दार ठोठावले गेले. मग आणखी एकदा. वरच्या घरातल्या बायका रिकामे डबे घेऊन उभ्या होत्या. दोरजीही आला. बहीण त्याच्यावर तुटून पडली.

"पाइप तुम डाला था! हम बोला था, गहरा डालो! पूरा लाइन जम गया!"

"गहरा ही डाला, दीदी!"

"तो जमा कैसे? नल तो खुला है, देखो! चलता पानी कभी जमता है?"

माझ्या हातातला पेला तिथेच थांबला. चलता पानी! वाडीच्या सगळ्या नळवाहिनीचे शेवटचे टोक म्हणजे हा नळ. तो रात्रभर वाहता ठेवायचा, म्हणजे मागचे सारे पाणी हलते राहते आणि गोठत नाही. हे तिथल्या लेकरालाही ठाऊक होते. म्हणूनच आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

मी विलासकडे पाहिले. विलास छताकडे पाहत होते.

बाहेर एक म्हातारा काठी आपटून म्हणाला की दोरजीने आज दुपारपासून सगळी वाहिनी एकट्याने उकरून पुन्हा खोल पुरायची. जमीन दगडासारखी झाली होती. दोरजीने मान खाली घातली. त्याचा जबडा घट्ट मिटलेला मला दिसत होता.

"सांगा तुम्ही," मी कुजबुजले.

"वेडी झालीस? सगळी वाडी डबे घेऊन उभी आहे! डब्यांनीच मारतील!"

"तो बिचारा डोंगर उकरणार आहे!"

"वायसर मात्र उत्तम बसलाय," ते हळूच म्हणाले. "एक थेंब गळत नाही."

(गळणार कुठून?)

एवढ्यात पेमा चुलीजवळ सपाता वाळत घालायला वाकली. एक निळी सपाती तिने उचलली. उलटली. टाचेत एक नीटस, वाटोळे भोक होते. तिने ती डोळ्यांसमोर धरली, आणि त्या भोकातून तिचा डोळा थेट माझ्या डोळ्याला भिडला.

"ये क्या?"

"चूहा," विलास म्हणाले.

"इतना गोल?"

"हमारे नगर का... मतलब, आप के यहाँ का चूहा हुशार है."

पेमाने सपाती जपून खाली ठेवली. तेवढ्यात आमच्या मदतीला आत्याबाई धावल्या. त्यांना वाटत होते, पाणी संपले! पदर खोचून त्या पेमासमोर उभ्या राहिल्या आणि आपल्या शेवगावी हिंदीत म्हणाल्या, "बघो बाई, मैं कल ही बोलती थी! सारी रात पानी उधळेगी तो संपेगा नहीं क्या? हमारे उधर थेंब-थेंब मोजते!"



"असू दे. रडू नगं. नदी कुठं हाय? हंडा दे," असे म्हणून आत्याबाईंनी तिच्या मोरीतला सर्वांत मोठा हंडा उचलला, शालीची चुंबळ केली आणि त्या डबेवाल्या बायकांच्या पुढे होऊन ओढ्याकडे निघाल्या. त्यांच्या चालीत मला इतका आनंद कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

दोरजीने दिलेला शब्द पाळला. "पहले आपका सिखाना, फिर खोदना," एवढेच बोलून तो आम्हाला उतारावर घेऊन गेला. बर्फ इतके शुभ्र होते की त्याला वास असावा असे वाटत होते. आणि खरोखर होता, नव्या पाटीचा, थंड लोखंडाचा. गच्चीवर तयार झालेले विलास पहिल्याच पावलाला बसले आणि बसूनच राहिले. "मी इथून तंत्र पाहतो," ते म्हणाले.

माझ्या पायांना दोन लांब फळ्या बांधल्या गेल्या. दोरजी माझ्यासमोर, उताराकडे पाठ करून उभा राहिला. माझ्या दोन्ही काठ्यांची टोके त्याने आपल्या मुठीत धरली आणि तो उलटा सरकू लागला. त्या दोन काठ्या सोडल्या तर मी आणि परलोक यांच्यामध्ये काहीच नव्हते. खाली, फार खाली, अर्धा गोठलेला ओढा चमकत होता. बर्फ फोडून पाणी भरणाऱ्या बायकांची तिथे रांग होती. रांगेत लाल काठाचे एक नऊवारी लुगडे स्वेटरवर मिरवत होते.

दोरजीचे डोळे माझ्यावर होते; मन मात्र त्या गोठलेल्या जमिनीत कुदळ मारत होते. मला वाटले, याला ठाऊक आहे. वाटले, मधोमध नेऊन हा विचारणार. वाटले, विचारणारही नाही!

"दोरजीजी," माझा आवाज घशातच घसरला, "आप... बहुत गुस्से में हैं?"

"नहीं."

त्या एका 'नहीं'मध्ये एवढी थंडी होती की माझा धीर संपला.

"पाइप में दोष नहीं है!" मी ओरडले. "नल हमने बंद किया! शाम को! नया वायसर डालके! वो सपाती का भोक... चूहा नहीं है, वो मेरे पति हैं!"

दोरजी थांबला. माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या गालांवर काहीतरी हलले, डोळे बारीक झाले, आणि त्या कमी बोलणाऱ्या घराण्यातला तो माणूस पोट धरून हसू लागला.

पोट धरायला दोन्ही हात लागतात.

काठ्या सुटल्या. तो एका बाजूला कोसळला आणि माझ्यापुढचा डोंगर मोकळा झाला. सुरुवातीला मी इतकी हळू निघाले की मला स्वतःच्या डौलाचे कौतुक वाटले. मग वारा कानांत शिरला, डोळ्यांतले पाणी कानांकडे वाहू लागले आणि पाठीमागून दोरजीचा आवाज दऱ्याखोऱ्यांत घुमला:

"दीदी! पाइप ठीक है! नल इन लोग बंद किया! नीचे आग जलाओ, पिघल जाएगा!"

ओढ्यावरच्या साऱ्या माना एकदम वर झाल्या. पेमाने कपाळावर हात मारला. म्हाताऱ्याची काठी हवेत राहिली. दोरजी सुटला होता, आणि मीही सुटले होते. फरक एवढाच, की त्याला थांबता येत होते.

"गुडघे वाकव!" मागून विलासचे तंत्र ऐकू आले.

"बाजूला व्हा!" मी किंचाळले. "बाजूला व्हा हो!"

मराठीचा गंधही नसलेल्या त्या बायका क्षणात दोन्ही बाजूंना पांगल्या. ज्यांना माझा शब्द न् शब्द कळला होता, त्या एकट्या जागच्या हलल्या नाहीत. पाण्याच्या रांगेतली जागा सोडणे आत्याबाईंच्या रक्तात नाही. डोईवर काठोकाठ भरलेला हंडा, कमरेवर हात, नजर समोर. मी त्यांचे पाय चुकवले, शाल चुकवली, त्यांच्या कोपराखालून वाकून निसटले असे वाटले, आणि माझी उजवी काठी हंड्याच्या काठाला लागली.

मग आकाश, बर्फ, तांबे आणि मी, असे सगळे एकत्र झाले.

मी पालथी पडले होते. मानेवरून गार पाणी पाठीत उतरत होते. जिभेवर बर्फाची लोखंडी चव होती. एक फळी पायात होती, दुसरी कुठे तरी स्वतःच्या वाटेने चालली होती. भोवती कुणी हसत नव्हते. मग बर्फ करकरले. ओळखीची पावले धावत आली, कुणी माझ्यावर वाकले, आणि दोन खरखरीत हातांनी माझा चेहरा वर उचलला. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळत होते. त्यांचे ओठ थरथरत होते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्या माझ्यासाठी अशा कळवळलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. 'लागले नाही हो मला,' असे मी म्हणणार, एवढ्यात माझ्या बाजूला लवंडलेल्या रिकाम्या हंड्याकडे पाहत त्या कशाबशा म्हणाल्या,

"सांडलंस!"