सांगता न येणारी चूक

आमच्या गावची रोशनी हुडकेश्वरला एका खोलीत राहते आणि कर्नलमधल्या चुका शोधते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. यंत्रातली मेमरी कोणाला किती वेळ द्यायची, हे तोच ठरवतो. यंदा तिला एक मोठी चूक सापडली. खळ्यावर एकाची मळणी आटोपली, दुसऱ्यानं आपली ज्वारी आणून टाकली, तरी पहिल्याचे बैल तिथंच फिरत राहावेत, तशी. सोडून दिलेली मेमरी कर्नल वापरतच होता. जाणकार चोर त्या जागी आपला माल टाकून, नेटवर्कवरून अख्खं यंत्र ताब्यात घेऊ शकत होता.

तिनं ती चूक कर्नल सांभाळणाऱ्यांना कळवली. दुरुस्ती सगळीकडे जाईपर्यंत, चौदा दिवस, कोणाजवळ बोलायचं नाही असं ठरलं. बोललं की चोरांनाही वाट कळेल. हे तिला पटलं होतं. तिनं शब्द दिला.

चौथ्या दिवशी तिच्या वडिलांना, दादाजींना, हृदयाचा त्रास झाला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात, बारा खाटांच्या हॉलमध्ये त्यांना ठेवलं. उशाशी मॉनिटर. तो सुरू होताना काळ्या पडद्यावर क्षणभर कर्नलच्या आवृत्तीचा आकडा दिसला. रोशनीनं ओळखला. तोच कर्नल होता.

तिनं नर्स शोभाताईंना मॉनिटरची नेटवर्कची वायर काढायला सांगितलं. कारण सांगता येईना, तेव्हा बाबांना आवाजानं झोप येत नाही, असं काहीबाही बोलली. वायर कधी आवाज करते काय वं, म्हणून शोभाताई हसल्या. मग म्हणाल्या, "काढली तर आकडे आमच्या टेबलावर येनार नाहीत. पाहीन कोन?"

"मी पाहीन." शोभाताईंनी वायर काढली.

ती स्टुलावर बसली ती बसलीच. डबा तिथंच खाल्ला. आई अंजनाबाई आली की तेवढ्यापुरते डोळे मिटायची. तू काहून कैद्यासारखी बसून राहिली, असं दादाजी विचारत, तेव्हा ती पडद्यावरचे आकडे वाचायला लागायची.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची प्रयागबाई म्हणाली, "बापाची वायर काढली, माही काहून ठेवली वं?"

रोशनीनं शोभाताईंच्या मिनतवाऱ्या करून तीही वायर काढवली आणि स्टूल दोन खाटांच्या मधे ओढलं. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. बाकीच्या दहा मॉनिटरांच्या वायरी तशाच लोंबत होत्या. तिकडे तिनं पाठ केली.