मधली धार

दोन हजार बावीस साल. मी सहासष्ट वर्षांचा. "आधी तू सांग, काय वास येतो?" म्हणत म्हातारा पेला माझ्या नाकाखाली धरायचा.

परदेशात, रिकार्टनला मुलाच्या घरी नुसतं बसवेना, म्हणून गावाबाहेरच्या व्हिस्कीच्या कारखान्यात पिपं धुवायला लागलो. पोरगा म्हणाला, "बाबा, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत. मी चौथी शिकलेला, पण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तीस वर्षं काढलीत.

म्हातारा तिथला दारू गाळणारा, मूळचा स्कॉटलंडचा. आजा, बाप याच धंद्यातले. तांब्याचा हंडा त्याने आजाच्या हंड्याबरहुकूम घडवून घेतलेला, पोच्यासकट. "पोचा काढला तर चव जाते, मेट." मेट म्हणजे दोस्त. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडून आंबवायचं, दोनदा उकळायचं, मग लाकडी पिपात वर्षानुवर्षं गप्प ठेवायचं. घाई केली की शिवी.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, आमच्याकडे पहिल्या धारेचीच भारी! त्याने ती धार बाजूला काढली. "पहिली विषारी, शेवटची नासकी. मधली तेवढी आपली."

मधली कधी सुरू होते ते नाकाने ठरवायचं. मी सांगायचो, तो लगेच तोटी फिरवायचा. मला वाटायचं, शिकवतोय. घरी सांगायचो, गोरा माझ्या नाकाला मानतो.

एकदा त्याच्या डब्यातलं मटण आंबलेलं. मला हातभर लांबून कळलं, तो मिटक्या मारत खात होता. त्या दिवसापासून मी पेल्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघायला लागलो.

मग एका दुपारी शेडचं दार उघडलं तर गॅसचा भपकारा. म्हातारा हंड्याखालच्या चुलीशी वाकलेला, हातात लायटर. मी धावत जाऊन मनगट धरलं.

"वेड लागलं का तुला?" तो खेकसला.

"गॅस!"

त्याने हवा हुंगली. पुन्हा हुंगली. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

गॅस बंद करून बाहेर गवतावर बसलो. पलीकडे मेंढ्या चरत होत्या. तो म्हणाला, "तू यायच्या आधीच तापात नाक गेलं. परत आलंच नाही. कुणाला सांगू नकोस, मेट. हे काम गेलं तर मी कोण?"

मी वळून शेडकडे पाहिलं. तिथे आणखी चार माणसं कामाला असायची.

तुम्ही म्हणाल, सांभाळून घ्यायचं. दीड वर्ष नकळत तेच केलं होतं. आता हंड्यापाशी दुसराच माणूस असतो. काम गेल्यावर म्हातारा पुन्हा दिसला नाही.

त्या गॅसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा मला घ्यायला आला. त्याच्याच गाडीत बसून गेलो, उतरलो, आणि सरळ कारखान्याच्या मालकिणीच्या खोलीत शिरलो.