आयोडीनच्या बरणीतली तीन बोटं

"हात पाठीमागं बांध आणि तिकडं उभा राहा," साहेब म्हणाले. सगळ्या लॅबसमोर. मी बांधले. शाळेत अंगठे धरायची सवय होतीच. एम.एस्सी. झाल्यावर ती सुटते असं मला वाटलं होतं. असा मी शहाणा.

बाहेर दुष्काळ, आणि नगर जिल्ह्यातल्या त्या प्रयोगशाळेत आम्ही करडईच्या तेलातले घटक वेगळे करत बसलेलो. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पांढरा थर, त्यावर तेलाचा थेंब. घटक पांगले की पट्टी आयोडीनच्या बरणीत. जिथं चरबी, तिथं तपकिरी डाग. तेवढा भाग खरवडून मुंबईला पाठवायचा. तिथलं मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र रेणूंचं वजन करून सांगायचं, हे काय आहे. या खेपेला त्यानं सांगितलं, यात माणसाच्या कातडीची चरबी मिसळलीय.

पट्ट्यांना हात लावणारे आम्ही तिघं. साहेब, माझ्याबरोबर लागलेला जोशी आणि मी. साहेबांनी विचारलंसुद्धा नाही. "महारवाड्यातला हात लागला की असंच व्हायचं. आजपासून तू फक्त बरण्या धुवायच्या."

जोशी हसला.

आता माझा मूर्खपणा ऐका. मला ते खरं वाटलं! वाटलं, आपल्याच हाताला काहीतरी जास्तीचं असेल. कॉस्टिक सोड्यानं हात घासले. सालटी निघाली. तिसगावला घरी गेलो तर भाकरी मोडवेना.

"हे काय रं केलंस?" आई.

"हात साफ केले."

"घान त्याच्या तोंडात हाय, आन् हात तू धुतोस व्हय? लई शिकलास."

सोमवारी कोरी पट्टी घेतली. तिच्यावर माझं बोट दाबलं. "जोशी, तूही दाब." त्यानं गंमत म्हणून दाबलं. साहेबांपुढं धरली, त्यांनीही दाबलं. पट्टी बरणीत. हळूहळू तीन ठसे उमटले, तिन्ही तपकिरी. साहेबांचा सगळ्यात गडद. सकाळी डोक्याला तेल चोपडून आले होते. माझा सगळ्यात फिका. कातडीच कुठं उरली होती!

मी छाती काढून उभा. आता साहेब म्हणणार, चुकलं माझं. हा दुसरा मूर्खपणा.

साहेबांनी ठसे पाहिले. बोट रुमालाला पुसलं. म्हणाले, "बरण्या धुतल्यास?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. यांना माहीत होतं. पहिल्यापासून. पुरावा कमी पडत नव्हता. पुरावा मागितलाच कुणी होता?

"न्हाई," मी म्हणालो. घरची बोली तोंडात आली, येऊ दिली. "बरन्या न्हाई धुनार. नमुना मीच लावनार."

"नोकरी जाईल."

"घालवा. मी हितनं उठनार न्हाई."

स्टुलावर बसलो. पहिला थेंब भलतीकडंच पडला. दुसरी पट्टी घेतली.

माझा हात कसा आहे, हे यापुढं कुणाला सिद्ध करून दाखवणार नाही. तो लागणार. ज्याला विटाळ होतो, त्यानं उठून जावं.