रिलीव्हर येईपर्यंत

उत्तम खपणारं गेमचं मशीन कंपनीनं बंद केव्हा करावं, यावर मी एका आजारी माणसापुढं अक्कल पाजळली होती. मी तेव्हा मूर्ख नव्हतो. दुष्ट होतो.

पूर्णेला रेल्वेच्या सिग्नल केबिनीत मला काम शिकवलं ते दादांनी, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "घड्याळ काय बी सांगू दे, रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई." रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. माझ्यानंतर त्यांची पाळी असली की जिना चढून यायचे आणि "सुटलास बघ तू" म्हणायचे. मग मी डबा उचलायचो.

पुढं त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस, चार-चार तास. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी सोबत जायचो. दोघांकडं हातात मावणारी, गेमची एकसारखी मशीनं होती. शेजारी धरली की आपोआप जोडली जायची. एक चाल माझी, एक त्यांची, असा किल्ले घ्यायचा खेळ. सुई टोचलेला हात हलवायचा नसतो, पण हा खेळ एका हातानं जमायचा. दादा लबाडी करायचे आणि चार तास निघून जायचे.

तेवढ्यात त्याच कंपनीचं नवं मशीन आलं आणि जुनं विकायचं बंद झालं. मी लगेच घेतलं. दादांना ते पटलं नाही.

"जुनं लय चांगलं चालायलंय की," ते पलंगावरून म्हणाले. "नवं सगळ्यांच्या हातात पडंपर्यंत जुनं चालू ठिवावं कंपनीनं. रिलीव्हर आल्याबिगर केबिन सोडतो का आपण?"

"दादा, वस्तू चालती असतानाच बदलावी," मी म्हणालो. "बंद पडल्यावर तिला कोण विचारतं?"

किडनी बदलायच्या यादीत नाव घालून दोन वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला मी हे ऐकवलं. ते नळीतून रक्त फिरत होतं तिकडं बघत राहिले. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला त्या खोलीचा, त्या वासाचा, दर आठवड्याच्या त्या गाडीचा वीट आला होता, आणि तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

"आता नव्याची जुन्याशी जोडणी होत नाही," मी म्हणालो. "आपला खेळ बंदच झाला म्हणायचा."

हे खोटं होतं. आदल्याच दिवशी मी पुतणीच्या जुन्या मशीनशी जोडून बघितलं होतं. व्यवस्थित जोडलं जात होतं.

"मंग तू कशाला हेलपाटा घालतूस," दादा म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं. मी जायचं सोडलं.

दीड महिन्यानं परभणीला दुसरं काम निघालं, म्हणून डोकावलो. दादा पार वाळले होते. शेजारच्या पलंगावर मानवतच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्याही डायलिसिसवर. दादांच्या हातात जुनं मशीन होतं, बाईंच्या हातात नवंकोरं, अगदी माझ्यासारखंच. दोघं एकच किल्ला लढवत होते.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो. आता काय ते बोलतील, शिव्या देतील, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, तुमची चाल," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, अगदी केबिनीतल्या आवाजात, "रिलीव्हर आलाय रं. सुटलास बघ तू."

मी निघालो. परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि, खोटं कशाला सांगू, पूर्णा येईपर्यंत मला फार हलकं वाटत होतं.